पुस्तकाविना थर्मो

गुरुवार, रात्री

आज एंड-सेमचा थर्मोडायनॅमिक्सचा पेपर झाला. अख्खं सेमिस्टर पुस्तक विकत न घेता काढलं म्हटल्यावर रूममेटने विचारलं, "मग अभ्यास कशातून केलास?"

बराचसा लायब्ररीतून. रेफरन्सची प्रत घरी नेता येत नाही, म्हणून तिथेच बसून सोडवलेली गणितं वहीत उतरवायची. हात दुखतो, पण लेखकाने गाळलेली पायरी उतरवतानाच सापडते. फोटो काढून ठेवला की कुठलं काय! बाकी एनपीटीईएलवरची आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स आणि सीनियरच्या नोट्स.

पैसे गेले ते स्टीम टेबलला, म्हणजे पाणी-वाफेच्या आकड्यांच्या पुस्तिकेला. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून घेतलं. १ बार दाबाला पाणी ९९.६ अंशाला उकळतं आणि १० बारला जवळपास १८० ला, हे आकडे काही नुसतं डोकं चालवून काढता येत नाहीत.

खरा वैताग चिन्हांचा. बारावीच्या केमिस्ट्रीत ΔU = q + w (अंतर्गत ऊर्जेतला बदल = उष्णता + कार्य); इथे इंजिनिअरिंगमध्ये ΔU = Q − W. दोन्ही बरोबर, कारण तिथे वायूवर केलेलं कार्य धन धरतात, इथे वायूने केलेलं. एकच पुस्तक असतं तर हा प्रश्नच आला नसता. चार ठिकाणांहून गोळा केलं की प्रत्येक गणिताआधी विचारावं लागतं, हा माणूस कुठल्या पंथाचा? शेवटी वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने आपला पंथ लिहून टाकला. पुस्तकाच्या किमतीत हा एकसारखेपणाही येतो, हे दुकानात कोणी सांगत नाही.

कोपऱ्यावरचे झेरॉक्सवाले काका अख्खं पुस्तक स्पायरल करून द्यायला तयार होते. मेसमध्ये त्यावर वाद झाला. एकाने २०१६ चा दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाचा निकाल काढला: शिकवण्यासाठी लागणाऱ्या मजकुराच्या प्रती कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधल्या सवलतीत बसतात. पण तिथे प्रश्न शिक्षकांनी नेमून दिलेल्या वाचनाचा होता. मला काही ते अख्ख्या स्पायरलला लागू होईलसं वाटलं नाही, म्हणून नको म्हटलं.

पुढच्या सेमला फ्लुइड मेकॅनिक्स. त्याला मात्र जुनं का होईना, पुस्तक घेणार. सीनियर निम्म्या किमतीत देतोय. मॅनोमीटरची (दाब मोजायच्या उपकरणाची) पानं जागेवर आहेत का, तेवढं आधी बघायचं.