एक टाळ कमी

पारायण संपलं. काल्याचं कीर्तन झालं, पंगती उठल्या, मांडवाचं भिजलेलं कापड देवळाच्या कट्ट्यावर वाळत पडलंय. मी जेवायला उशिरा गेलो आणि लवकर उठलो. आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत. टाळ कालपासून पिशवीतच आहेत, ओले. बाहेर काढायचं मन होत नाही.

गौळण यंदा तूच म्हणायची, असं बुवा दिवाळीपासून सांगत होते. मी पाठ केली. गोठ्यात म्हटली, शेताच्या बांधावर म्हटली. आणि काल जागराला रूपाचा अभंग झाल्यावर बुवांनी बोट दाखवलं ते त्या पोराकडं. पोरगा कन्नड शाळेत शिकलेला. गौळण कागदावर लिहून आणली होती, शब्द मराठी आणि अक्षरं कन्नड. ते बघून पोटात काहीतरी हललं, पण ते आत्ता नको. गायला चांगला. लिहायला जड जातंय, तरी गायला चांगला. त्याचा 'ळ' कुठं अडला नाही. अडेल कसा, ते अक्षर कन्नडमध्येही आहेच. बुवा नेहमी सांगतात, कुमार गंधर्व आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले, 1924 साली, घरची भाषा कन्नड, आणि त्यांच्या निर्गुणी भजनांनी सगळा महाराष्ट्र वेडा केला. हे मीसुद्धा दहा जणांना सांगितलंय. काल मात्र आठवलं नाही.

गौळण निम्मी झाली असेल, राजहंसगडाच्या बाजूला वीज चमकली. मग वारा सुटला, मांडव फुगून दोऱ्या ताणायला लागला, आणि करंट गेलं. माईक बंद. गौळण संपेपर्यंत पत्र्यावर वळवाचे टपोरे थेंब, आणि मग असा आवाज की शेजारच्याचं बोलणं कळेना. भजन थांबलं नाही. गार हवेनं मृदंग उतरला. पेटीचे स्वर पितळी, ते जागचे हलत नाहीत; कातडं मात्र ओल धरतं आणि ढिलं पडतं. मृदंगवाला बॅटरीच्या उजेडात गठ्ठे ठोकून पुडी चढवत होता. विणेकरी उभाच होता. तीन दिवस वीणा खाली टेकलेली नाही, काल वादळातही टेकली नाही. दोन पोरं त्याच्यावर ताडपत्री धरून भिजत होती.

आणि मी उठलो.

मागच्या ओळीत, खांबापाशी, बावीस वर्षं माझी तीच जागा. शेजारच्याच्या कानाशी म्हणालो, "आई एकटी हाय, जाऊन येतो." अंधारात कुणाला काय कळणार? वीसेक टाळकऱ्यांत एक गेला काय नि राहिला काय. माझ्यावाचून कुणाचं काय अडलंय, असं म्हणत चिखलातनं घर गाठलं. डोळ्यांत पाणी होतं. पावसाचं होतं म्हणू या.

नानांच्या नंतर आई विजेला भिते, असं मीच सगळ्यांना सांगत आलोय. आई सोप्यात अंधारात बसली होती, खिडकी उघडी टाकून.

"भैरवी झाली?"

"नाही."

"मग तू का आलास?"

काय सांगणार. तिच्याशेजारी उभा राहिलो. आणि तिथं, तीन गल्ल्या पलीकडनं, काय ऐकू येत होतं? बुवांचा आवाज नाही. पेटी नाही. मृदंगाचा धुमाचा हात मध्येच कधीतरी, तोही ढगांच्या गडगडाटात मिसळलेला. ऐकू येत होते फक्त टाळ. एवढ्या पावसाच्या आवाजातनं काशाचा तो बारीक, टोकदार आवाज चिरत येत होता. त्यावरनं मला सगळं कळत होतं. आता लय संथ आहे. आता कडवं संपलं, मागचे उचलतायत. आता चढवली. आई मांडीवर बोटं आपटत होती, ती तीच लय धरून. म्हणजे इतकी वर्षं माईक बंद असला की ती घरात बसून एवढंच ऐकत होती.

मी आईसाठी उठलो का गौळणीसाठी? सकाळपासून हाच प्रश्न. गौळण मला मिळाली असती तर वीज चमकल्यावर आई आठवली असती का? नसती. झालं, लिहून टाकलं. लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटत नाही.

आज पंगतीला वाढताना बुवांनी विचारलं, "काल मध्येच गेलतास काय?"

"आई एकटी होती..."

"कळलं मला. मागनं एक टाळ कमी झाला, लय ढिली पडली की. आई बरी हाय न्हवं?" आणि भाताची बुट्टी घेऊन पुढं गेले.

रागावले असते तर बरं झालं असतं, मलाही दोन शब्द बोलता आले असते. रात्रभर मी हेच उगाळत बसलो होतो की मला कुणी मोजत नाही. आणि त्या गदारोळात, अंधारात, पुढं बसून गाणाऱ्या माणसाच्या कानाला माझा टाळ कमी पडला. आता रुसायचं तरी कुणावर?

गौळण का दिली नाही ते विचारलं नाही. मला पुढं बसवलं असतं तर खांबापाशी कोण, असा विचार त्यांनी केला असेल का? का मी पुन्हा आपल्या सोयीचं कारण हुडकतोय? असेलही तसं. पोराचा आवाज गोड आहे, एवढंच कारण असेल. तेही चालेल. आज तरी चालेल असं वाटतंय.

भैरवी मी घरातनंच ऐकली, म्हणजे तिचे टाळ ऐकले. आईला तोवर झोप लागली होती.

आत्ता पिशवी उघडली. टाळ पुसले. दोरी पाण्यानं फुगलीय, गाठ सुटत नाही, उद्या दाभण घेऊन बसावं लागेल. परवा एकादशी आहे.