आमची वाटचाल : सोसायटीचं सांडपाणी सोसायटीतच

2013 मध्ये भोसरी एमआयडीसीत छोटा गाळा घेतला आणि पंप आणि ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) यांच्या दुरुस्तीला सुरुवात केली. सांडपाण्याच्या कामात उतरायचं तेव्हा ठरलेलं नव्हतं. पण दुरुस्तीला येणारे बरेच ब्लोअर वाकड, मोशी, पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमधले असायचे, आणि त्यातले निम्मे-अधिक नुसते पडून पडून गंजलेले. 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाच्या गृहप्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते, आणि त्या मंजुरीत एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, आलाच. बिल्डर तो बांधून देतो, किल्ली कमिटीच्या हातात पडते आणि पुढे त्या खोलीकडे कुणी फिरकत नाही. बंद पडलेले हे एसटीपी चालू करून द्यायचे, हाच आमचा पहिला धंदा.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्या उन्हाळ्यापासून नवीन छोट्या प्रकल्पांची विचारणा सुरू झाली. 2019 च्या नोव्हेंबरात पिंपरी-चिंचवडला पाणी दिवसाआड झालं आणि मग फोन थांबेनात. 'आमची सोसायटी एवढीशी, आम्हाला हे परवडेल का?' हा प्रश्न तेव्हापासून आम्ही सतत ऐकतोय. त्याचं उत्तर आम्ही मशिनच्या किमतीपासून सुरू करत नाही. आधी विचारतो, शुद्ध केलेलं पाणी जिरवणार कुठे?

हिशेब साधा आहे. माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात, त्यातलं 45 लिटर फ्लशला. 100 फ्लॅट आणि घरटी पाच माणसं म्हटलं तर रोजचे 67,500 लिटर झाले. त्यातलं साधारण 80 टक्के, म्हणजे 54,000 लिटर, सांडपाणी होऊन परत येतं. फ्लशला मात्र 22,500 लिटरच लागतात. उरलेल्या 31,500 लिटरला मोठी बाग हवी. आपल्याकडच्या सोसायट्यांची बाग म्हणजे गेटजवळची हिरवळ आणि कडेची झाडं, आणि जून ते सप्टेंबर तिलाही पाणी लागत नाही. मग उरलेलं पाणी, वीज खर्च करून शुद्ध केलेलं, गटारात जातं.

ज्यांना मंजुरीच्या अटीमुळे सगळंच सांडपाणी शुद्ध करावं लागतं त्यांची गोष्ट वेगळी. पण ज्या जुन्या सोसायटीची ड्रेनेज लाईन पालिकेच्या लाईनीला जोडलेली आहे, तिने 54,000 लिटरचा प्रकल्प बांधूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. चेंबरमधून गरजेपुरतं, म्हणजे 25,000 लिटर उचलावं, बाकीचं जाऊ द्यावं. टाकी लहान, ब्लोअर लहान, बिल लहान. एवढ्यानेही रोजचे दोन मोठे टँकर वाचतात.

जुन्या इमारतीत खरी अडचण पाइपांची असते. फ्लशला वेगळी लाईन नसते, म्हणून टेरेसवर वेगळी टाकी बसवून प्रत्येक डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतून, नवीन लाईन उतरवावी लागते. कित्येकदा हा खर्च प्रकल्पापेक्षा जास्त भरतो, म्हणून कोटेशन देण्याआधी आम्ही प्लंबरला घेऊन सगळे डक्ट बघतो. काम संपलं की फ्लशच्या टाकीत गडद खाण्याचा रंग टाकतो आणि एकेका घरात जाऊन स्वयंपाकघराचा, बेसिनचा, बाथरूमचा नळ सोडून बघतो. एखाद्या ठिकाणीही रंग दिसला तर लाईन चालू करत नाही. मागे कुणीतरी बाथरूम नव्याने करून घेताना घरातल्या फ्लशच्या पाइपावरून शॉवरला जोड दिलेला असतो, तो असाच सापडतो. ही तपासणी आम्ही कुणाच्याही घाईसाठी सोडलेली नाही आणि सोडणार नाही.

दुसरा मोठा खर्च माणसाचा. प्रकल्प 25,000 लिटरचा असो की दोन लाखांचा, रोज तिथे कुणीतरी जाणत्याने जायलाच हवं. जाळीवरचा कचरा काढायचा, हवेचे बुडबुडे टाकीभर सारखे येतात का बघायचं, गाळ काढायचा. एसबीआर पद्धतीच्या (एकाच टाकीत आळीपाळीने हवा सोडून मग गाळ बसू देणाऱ्या) टाकीतलं पाणी आमचा ऑपरेटर एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात भरून अर्धा तास स्थिर ठेवतो. गाळ 250-300 मिलिलिटरच्या आसपास बसला, रंग तपकिरी असला आणि वर स्वच्छ पाणी दिसलं की तो पुढच्या कामाला लागतो. गाळ काळपट आणि वास मारणारा असेल तर पहिली शंका ब्लोअरची. वीज वाचवायची म्हणून रात्री ब्लोअर बंद करायला सांगणाऱ्या कमिट्या आम्हाला भेटल्या आहेत. टाकीतले जिवाणू हवेवर जगतात. काही तास हवा तोडली की ते मरायला लागतात आणि मग सगळा परिसर नाक धरतो. बिघडलेली टाकी पुन्हा ताळ्यावर यायला आठवडे जातात.

एका छोट्या प्रकल्पाला पूर्ण वेळ ऑपरेटर परवडत नाही, हे आम्ही चार ठिकाणी हिशेब मांडून बघितलं. म्हणून आता एक माणूस मोटारसायकलवर जवळजवळच्या चार-पाच सोसायट्या बघतो आणि त्याचा पगार त्यांच्यात वाटला जातो. यामुळेच छोटे प्रकल्प गणितात बसायला लागले. जिथे आजूबाजूला आमचं दुसरं काम नाही तिथून मागणी आली तर आम्ही विनम्रपणे नाही म्हणतो. नुसतं मशिन विकून निघून जाणं आम्हाला पटत नाही.

शाळा, वसतिगृहं, आश्रमशाळा यांचं वेगळं. जागा भरपूर असते, पण वीज आणि ऑपरेटरचा पत्ता नसतो. तिथे आम्ही नागपूरच्या नीरीने विकसित केलेली फायटोरिड पद्धत सुचवतो. आधी गाळ बसवायची टाकी, मग खडीचे वाफे, त्यात कर्दळ आणि पाणकणीस. मुळं आणि खडीवरचे जिवाणू मिळून पाणी शुद्ध करतात. न्हाणीचं पाणी परसातल्या अळवाला-केळीला सोडणाऱ्या गावकऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. ज्या गावात आम्ही बुजलेल्या खडीची चौकशी केली, तिथल्या बायकांनी वाफा कुठे तुंबतोय ते आधीच ओळखलेलं होतं.

सध्या तीन शेजारच्या लहान सोसायट्यांचा मिळून एक प्रकल्प करायचं चाललंय. तांत्रिक भाग सोपा आहे. जागा एकीची, विजेचं मीटर कुणाच्या नावावर आणि मधल्या रस्त्याखालून पाइप न्यायची परवानगी कुणी काढायची, यावर बैठका चालू आहेत. आम्ही सुचवलंय की प्रत्येक सोसायटीच्या तोंडाशी पाण्याचं मीटर बसवा आणि जितके लिटर घ्याल तितकाच वाटा द्या. दोघींनी सर्वसाधारण सभेत मान्य केलंय, तिसरीची सभा व्हायची आहे.

तुमच्याकडे असा विचार चालू असेल तर भेटायला येताना वर्षभराच्या टँकरच्या पावत्या, पालिकेची पाणीबिलं आणि इमारतीचं प्लंबिंगचं ड्रॉइंग घेऊन या. ड्रॉइंग सापडत नसेल तर तसंच या, डक्ट आपण मिळून बघू.