तुम्ही विचारलंत म्हणून: जेट गाडीचं पुढं काय झालं?

“काय ओ अण्णा, ती जेट गाडी रस्त्यावर कधी?” सोलापुरातला सात रस्ता चौक असो नाहीतर कुणाच्या लग्नातली पंगत, प्रश्न ठरलेला. जेट गाडी म्हणजे मी बनवलेली, टर्बाइनवर, म्हणजे गरम वायूच्या झोतानं फिरणाऱ्या पात्यांच्या चाकावर, पळणारी मोटारसायकल. विचारणाऱ्यानं माझ्या वर्कशॉपमधला तो व्हिडिओ पाहिलेला असतो आणि उत्तरही त्यानंच ठरवलेलं असतं: पैसे संपले, आरटीओनं अडवलं, नाहीतर अण्णा घाबरला. तिन्ही चूक. तिसरं जरा कमी चूक.

अशी गाडी होते, हे आधी ऐका. अमेरिकेतली वाय-टू-के मोटारसायकल हेलिकॉप्टरच्या ॲलिसन टर्बाइनवर पळते, ताकद 300 अश्वशक्तीच्या वर. तिथल्याच क्रायस्लर या मोटार कंपनीनं 1963 पासून टर्बाइनच्या 50 मोटारी साध्या कुटुंबांना वापरायला दिल्या होत्या. तेव्हा ‘लेथवाल्याचं खूळ’ म्हणणाऱ्यांनी दमानं घ्यावं.

माझं यंत्र साधं. भंगारातल्या ट्रकचा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, घेतला; त्याचा कंप्रेसर हवा दाबतो, स्टीलच्या डब्यात रॉकेल जळतं, तो गरम वायू टर्बोचं चाक फिरवतो आणि ते चाक कंप्रेसरला. उरलेल्या झोतापुढं दुसरं चाक, वेगळ्या शाफ्टवर. तिथून गिअरनं फेरे उतरवत चेनला. दोन शाफ्टांमध्ये लोखंडाचा संबंध नाही, मध्ये फक्त वारा. याचंच तर मला कौतुक होतं! क्लच नको, पिस्टन नाही, रस्त्यावरचं चाक अडलं तरी इंजिन बंद पडत नाही.

सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीमागच्या मोकळ्या रस्त्यावर धाकटा भाऊ बसला. वजनानं हलका, म्हणून तोच. मे महिना. सोलापूरच्या उन्हात हवा विरळ, टर्बाइनची ताकद आधीच उतरलेली. त्यानं मूठ पिळली. शिट्टी चढत गेली, गाडी जागची हलेना. त्यानं आणखी पिळली. आधी टर्बो वेग धरणार, मग हवा वाढणार, मग झोत, यात वेळ जातोच. मग सगळं एकदम आलं. भावानं मूठ सोडली, तरी गाडी ओढतच राहिली. पेट्रोलच्या गाडीत मूठ सोडली की इंजिनच मागं खेचतं. इथं मागं खेचायला काही जोडलेलंच नाही, वर टर्बोचा वेग उतरेपर्यंत झोत ढकलतोय. “अण्णा, गाडी ऐकंना!” एवढंच कानावर आलं. ब्रेक मी स्वतः तपासले होते. चांगले होते, आजही सांगतो. गाडी बाभळीत घुसून आडवी झाली आणि त्याची पोटरी एक्झॉस्टला चिकटली.

जखम भरायला फार दिवस गेले. आई मला काही बोलली नाही. भाऊही नाही. विचारता ते तुम्हीच.

तेव्हाचा मी अजून माझ्याशी भांडतो. क्रायस्लरनं नोझलची, म्हणजे झोताला दिशा देणारी, पाती वळवून इंजिनाकडूनच रोध मिळवला होता, मग तूही कर की. अरे बाबा, त्या तापलेल्या वायूत पाती फिरती ठेवायची तर धातूही त्या तोडीचा लागतो. आणि एवढ्याशा चाकात पात्याच्या टोकाशी किंचित फट राहिली तरी वायू तिथूनच निसटतो. मोठ्या इंजिनाला ते खपतं. शिवाय तहान. सिग्नलला उभी गाडीही पीतच असते. अमेरिकेच्या अब्राम्स रणगाड्याचं टर्बाइन 1500 अश्वशक्तीचं, पण नुसतं उभं राहण्यातलं इंधन वाचवायला काही रणगाड्यांवर पुढं वेगळा छोटा जनरेटर चढवावा लागला. आणि मी निघालो होतो सात रस्त्याच्या गर्दीत!

तरी विषय संपला, असं मी म्हणणार नाही. जॅग्वारनं 2010 मध्ये दाखवलेल्या एका मोटारीत दोन छोटी टर्बाइनं फक्त बॅटरी चार्ज करायला होती, चाकं विजेवर. म्हणजे टर्बाइन आपल्या एका वेगानं फिरत राहणार, मूठ सोडली की मागं खेचायचं काम मोटर करणार. तेच आता कागदावर मांडतोय.

भाऊ म्हणतो, मग सरळ बॅटरीचीच गाडी घे की. माझ्याकडं उत्तर आहे, त्याला पटत नाही. या खेपेला मीच बसणार म्हटलं, तर म्हणाला, आधी वजन उतरव.