सोयाबीनमधली पिवळी वाट

"म्याडम, तुमी सांगतलं तसंच केलं जी. तरी वावर पिवळंच पडून राह्यलं. येऊन पाहून जा एकदा."

काकाजींचा फोन रात्री साडेनऊला आला. २०२३ चा ऑगस्ट संपत आला होता, पोळा पंधरा दिवसांवर होता. मी कृषी सहायक, वरोरा तालुक्यातली काही गावं माझ्याकडे. महिनाभर पावसानं दडी मारलेली. देशात १९०१ पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता, आणि अशी कोरडी, उबदार हवा पांढऱ्या माशीला फार मानवते. सोयाबीनवरच्या पिवळ्या मोझॅकचे, म्हणजे हीच माशी पसरवते त्या विषाणूरोगाचे, फोन रोजच येत होते. पण "तुमी सांगतलं तसंच केलं" हे शब्द डोक्यातून जाईनात. झोप उशिरा लागली.

सकाळी सहाला वावरात पोचले. काकाजी, काकू आणि निंदणाला आलेल्या दोन बाया धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्याच होत्या. चार एकर सोयाबीन, मधे तुरीची तासं. बियाणं जेएस ३३५, म्हणजे या रोगाला हमखास बळी पडणारं. पानं पाहिली. कोवळ्या पानांवर पिवळ्या-हिरव्या रंगाचे वेडेवाकडे चट्टे होते. लोह कमी पडलं की शिरा हिरव्या राहून मधला भाग सारखा पिवळा होतो. हे तसं नव्हतं. काकाजींनी मात्र कोणाच्या तरी सांगण्यावरून एक चुंगडी, म्हणजे पोतंभर, युरिया फेकला होता. युरियानं पान लुसलुशीत होतं आणि माशीचं आयतंच फावतं. मी काही बोलले नाही. पिवळं पान दिसलं की युरिया टाकायचा, हे आमच्या भागात इतकं मुरलंय की एका सकाळी सांगून ते जात नाही.

मग सगळं वावर एका नजरेत यावं म्हणून विहिरीच्या कठड्यावर चढले, आणि तिथंच थबकले.

नाल्याच्या कडेला पिवळा डाग होता. रोग तिथूनच सुरू झाला असणार. पण त्या डागातून एक पिवळा पट्टा निघाला होता. बैलबंडी जाईल एवढा रुंद, हिरव्या सोयाबीनमधून सरळ धुऱ्यापर्यंत आलेला, आणि धुऱ्याजवळ पुन्हा पिवळं गोल रिंगण. कोणी फुटक्या डब्यातून हळद सांडत गेल्यासारखं. रोग असा रेघ मारून पसरत नाही.

"काकाजी, या पट्ट्यातून काय नेलं होतं?"

ते काही बोलायच्या आत काकूच म्हणाल्या, "झाडं नेली ना जी. तुमीच तं सांगतलं होतं सभेत, पिवळं झाड दिसलं का उपटून टाका मनून. आम्ही चौघांनी दिवसभर उपटले, भारे बांधले अन् याच तासानं धुऱ्यावर आणून टाकले. ढोरायले होईन मनून ढीग मारून ठेवला."

"किती वाजता?"

"दुपारीच. सकाळी दुसरीकडं निंदण होतं."

या गोष्टीला तीन आठवडे झाले होते. मोझॅकची लक्षणं दिसायला साधारण तेवढेच दिवस लागतात.

जुलैच्या सभेत मी खरंच एवढंच बोलले होते. उपटा. कधी, कसं, उपटलेलं कुठं टाकायचं, यातलं काहीच सांगितलं नव्हतं. उन्हं वर आल्यावर पांढरी माशी चपळ असते. झाडाला नुसता हात लागला तरी भुर्रकन उडते. उपटलेलं झाड घटकाभरात सुकतं, मग त्यावर कोणती माशी थांबेल? वाटेतल्या हिरव्या झाडांवर ती उतरत गेली. उरलेल्या माश्या ढिगावरून उडाल्या आणि धुऱ्याजवळच्या झाडांवर बसल्या.

एवढ्या सकाळी माशी अजून सुस्त होती. मी पिवळं पान अलगद उलटं केलं, शेजारचं हिरवंही. पिवळ्याखाली माश्यांचा पांढरा थर, हिरव्याखाली दोन-चार. निंदणातली मावशी म्हणाली, "हे तं आमी रोज पायतो. पिवळ्यावरच राह्यते ते जास्त. पिवळा रंग आवडते तिले." तिचं खरं आहे, पिवळे चिकट सापळे आपण त्याच भरवशावर लावतो. पण मग मला वाटलं, पिवळ्यावरच एवढं प्रेम असेल, तर रोग हिरव्यावर कोण नेतं?

मी तिथंच बसून त्यांना सांगितलं. माशीची सोंड सुईसारखी. ती पानाच्या शिरेतल्या अन्नरसाच्या नळीत शिरते. रसाबरोबर विषाणू पोटात जातो, आतड्याची भिंत ओलांडून रक्तात उतरतो, तिथून लाळेच्या ग्रंथीत. याला काही तास लागतात. एकदा तो लाळेत पोचला की माशी मरेपर्यंत रोग वाहते. आपल्याकडच्या डासासारखंच.

पण विषाणू तिच्या अंगात गप्प बसत नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१२ साली गव्हावरच्या माव्यावर केलेला एक प्रयोग मी कधीच विसरत नाही. ज्या माव्यात विषाणू नव्हता तो रोगट गव्हाकडे जायचा, आणि ज्याच्यात होता तो निरोगी गव्हाकडे. हा रोगट झाड खाल्ल्याचा परिणाम असेल, अशी शंका कोणालाही येईल. म्हणून त्यांनी माव्याला रोगट झाड दाखवलंच नाही; पातळ पडद्याआडून विषाणू असलेला द्रव पाजला. तरीही तो निरोगी गव्हाकडेच गेला. म्हणजे झाडाच्या रंगाचा, वासाचा प्रश्नच उरला नाही. किड्याची आवड बदलली ती त्याच्या पोटातल्या विषाणूमुळे. टोमॅटोची पानं वाटीसारखी वळवणाऱ्या विषाणूत पांढऱ्या माशीचंही असंच दिसून आलंय. कोरी माशी रोगट झाडाकडे, विषाणूची माशी निरोगी झाडाकडे. शिवाय विषाणू असलेली माशी अन्नरसाच्या नळीत जास्त वेळ लाळ सोडते, आणि त्या लाळेतूनच तर रोग झाडात उतरतो.

मावशी ऐकत होती. मग म्हणाली, "मंग त्या माशीले नाही का होत बिमारी?"

इतक्या वर्षांच्या सभांमध्ये हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. होते, म्हटलं. टोमॅटोच्या त्याच विषाणूनं मादीचं आयुष्य घटतं, अंडी कमी होतात. पण चीनमधल्या एका अभ्यासात दुसऱ्या विषाणूनं रोगट झालेल्या तंबाखूवर माश्यांनी निरोगी तंबाखूच्या बारा पट अंडी घातली आणि त्या सहा पट जास्त जगल्या. तिथं विषाणू झाडाची प्रतिकारशक्तीच खाली पाडतो आणि माशीला मोकळं रान मिळतं. कुठं तो माशीला खातो, कुठं पोसतो. पण दोन्हीकडे ती त्याचंच काम करते.

काकाजी बराच वेळ ढिगाकडे पाहत होते. "म्हणजे आमीच पेरला जी रोग," ते म्हणाले. मला ते ऐकवेना. "तुम्ही नाही काकाजी, मी अर्धंच सांगितलं होतं," मी म्हटलं. ते काही बोलले नाहीत. काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

मग कामाला लागलो. युरियाची रिकामी चुंगडी झाडावर वरून अलगद घालायची, बुडाशी तोंड आवळायचं, मग झाड उपटायचं, म्हणजे माशी आतच राहते. चुंगडी तिथंच, पट्ट्याच्या बाहेर न नेता, खोल खड्ड्यात पुरायची. हे सगळं ऊन चढायच्या आत. पहिल्या दोन झाडांवर हात थरथरले, मग काकूंचा हात बसला. नऊपर्यंत पट्ट्याची हिरवी बाजू आम्ही बरीच वाचवली. नाल्याकडचं मात्र गेलं होतं. तिथल्या शेंगा भरणार नाहीत, हे काकाजींना सांगावंच लागलं.

संध्याकाळी घरी आले आणि जुलैच्या सभेची हजेरीवही काढली. तेवीस सह्या, त्यातले काही अंगठे. एकेकाला फोन लावत गेले. तिघांनी अजून उपटलं नव्हतं. त्यांना सगळं नीट, दोनदा सांगितलं. चौथा फोन पलीकडच्या गावातल्या एका पोराला लागला, गेल्या वर्षीच बापाच्या जागी शेतीत उतरलेला. खुशीत बोलला तो.

"उपटले ना म्याडम. आजच. दुपारभर तेच करून राह्यलो होतो. सगळे बंडीत भरून रस्त्यावरच्या धुऱ्याले नेले."

"थांब," मी म्हटलं. "मी आत्ता निघते. तू टॉर्च अन् रिकाम्या चुंगड्या घेऊन धुऱ्यावर ये."