आमची वाटचाल : वेत आणि २८ इंच

पुण्याच्या बुरुड आळीत बाबांचं वेताच्या खुर्च्यांचं काम होतं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि धंदा बसला. माळ्यावर उरलेले वेत बघून २००६ साली एक सर आत आले. फिलिपिन्सचं आर्निस, म्हणजे काठ्यांनी लढायची कला, शिकवायचे, इकडे त्याला कालीच म्हणतात. "२८ इंच लांब, इंचभर जाड, जोडी द्या." बाबा म्हणाले, "बांबू घ्या की, स्वस्त पडेल." सरांनी कोपऱ्यातला बांबू उचलून दुसऱ्यावर हाणला. तो उभा चिरला आणि ढलपी त्यांच्याच अंगठ्यात घुसली. वेत भरीव असतो. मार खाऊन त्याच्या झिपऱ्या होतात, पण धार येत नाही. म्हणून तर तिकडेही रोजचा सराव वेतावरच. कामागोंगचं काळंभोर लाकूड देखणं, पण वजन जवळजवळ दुप्पट. ते एकट्यानं फिरवावं, जोडीदाराच्या बोटांजवळ नेऊ नये.

बाबांची शेगडी आणि खाच पाडलेला बाभळीचा ठोकळा अजून वापरात आहे. वेत आचेवर फिरवायचा, सालीला तकाकी आली की खाचेत अडकवून बाक काढायचा. धूर निघाला तर उशीर झाला. साल आम्ही ठेवतो. सोललेली काठी हाताला गुळगुळीत लागते, पण लवकर झिपरते.

२०१३ च्या पावसाळ्यात मात्र आम्ही संपलोच होतो. पतसंस्थेचं कर्ज काढून ३०० जोड्यांचा माल भरला होता. एका सकाळी शटर उघडलं तर फरशीवर पिवळट पिठाच्या बारीक राशी. भुंगेऱ्यानं वेत आतून पोखरला होता. त्याच महिन्यात एका व्यापाऱ्यानं बांबूला व्हार्निश मारून 'वेत' म्हणून निम्म्या भावात विकला. सरावात काठी चिरली, एका मुलाच्या भुवईला टाके पडले. गावभर बोलणं झालं, "बुरुड आळीतला माल." आमची एकही काठी त्या क्लासात नव्हती. तो व्यापारी आजही समोर भेटला तर मी बोलत नाही.

सर आले, मांडी घालून बसले आणि एकेक काठी फरशीवर आपटून ऐकू लागले. खणखणीत वाजली तर उजवीकडे, बद्द वाजली तर डावीकडे. रात्री अकरापर्यंत ७१ जोड्या उजवीकडे जमल्या. त्यांनी सगळ्यांचे पैसे तिथेच मोजले. त्या पैशांतून दोन हप्ते फिटले.

पुढची वर्षं बरी गेली.

काठी घेताना एक टोक काखेत धरा, हात सरळ करा. दुसरं टोक तळहातात आलं की माप झालं. पेरं जवळजवळ असलेली निवडा. लहान मुलाला २४ इंचीच द्या. वाढत्या अंगाची म्हणून मोठी घ्यायला तो शाळेचा गणवेश नव्हे, मनगट दुखून पोर आठवड्यात क्लास सोडतं.