जुन्या कॅसिनो-चिप्सच्या शोधात लास व्हेगसचे चार दिवस

माझ्या डब्यातली पहिली चिप खोटी आहे. चिप म्हणजे कॅसिनोत, जुगारघरात, खेळताना पैशांऐवजी वापरायची गोल चकती; मी त्या जमवते. सहा वर्षांपूर्वी भाच्याकडे फिनिक्सला गेले होते, तेव्हा लास व्हेगसच्या एका भेटवस्तूंच्या दुकानात 'सँड्स' या जुन्या कॅसिनोची शंभर डॉलरची काळी चिप दिसली. सँड्स 1952 साली उघडलं, 1996 मध्ये सुरुंग लावून पाडलं, आणि आज तिथे व्हेनेशियन हे हॉटेल-कॅसिनो उभं आहे. असल्या जागेची खूण वीस डॉलरला मिळतेय म्हणून मी भाव न करता घेतली. हातात चांगली जड लागत होती, आणि जड म्हणजे अस्सल असा माझा समज.

पुण्याला परतल्यावर ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवली, तर साडेअकरा ग्रॅम भरली. चुंबक जवळ नेलं तर पटकन चिकटलं. कडेला फाशांची चित्रं होती, ती घरगुती पोकर संचातल्या प्लॅस्टिकच्या चिपांवर असतात. आत लोखंडाची चकती घालून वजन वाढवलेलं. सँड्सच्या टेबलावर ही चिप कधी गेलेलीच नव्हती. अशा चिपांना संग्राहक 'फँटसी चिप' म्हणतात: नाव खऱ्या कॅसिनोचं, पण चिप त्या कॅसिनोने कधी काढलेलीच नाही.

माझ्या वडिलांना शिवराया जमवायचा नाद होता. जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी ते मला बरोबर न्यायचे आणि नाणं बोटावर तोलूनच बोलायला लागायचे. त्यांची मुलगी असून मी चिप नुसती डोळ्यांनी बघून घेतली, हे मनाला फार लागलं. म्हणून यंदा जूनमध्ये पुन्हा गेले, या वेळी फक्त चिपांसाठी.

जूनच का, तर कॅसिनोच्या वस्तू जमवणाऱ्यांचं अमेरिकेतलं सगळ्यात मोठं प्रदर्शन लास व्हेगसला जूनमध्ये भरतं. या संग्राहकांची संघटना 1988 सालची. आम्ही गेलो ते साउथ पॉइंट या हॉटेलात भरलं होतं. ते शहराच्या मुख्य रस्त्यावर पार दक्षिणेला आहे; स्ट्रिपवरून, म्हणजे याच रस्त्यावरच्या मोठ्या कॅसिनोंच्या पट्ट्यावरून, तिथे चालत जाण्याचा विचारही करू नका. जूनमध्ये दुपारी पारा बऱ्याचदा चाळिशीच्या वर जातो. तारीख आणि जागा निघण्याआधी संघटनेकडून पक्की करून घ्या, मगच हॉटेल ठरवा. फिनिक्सहून गाडीने पाच तास लागतात. भाचा म्हणाला, "मावशी, पहाटे निघू," आणि ते बरंच झालं.

दालनात ओळीने टेबलं मांडलेली. प्रत्येकावर चिपांची पानं, भिंगं, छोटे काटे. हात लावायला कुणी अडवत नाही, उलट घ्या हातात म्हणून पुढे करतात. पहिले दोन तास काहीही विकत घेऊ नका, नुसतं हाताळा. मी तसंच केलं, आणि त्या दोन तासांत जे कळलं ते वर्षभर पडद्यावर फोटो बघून कळलं नव्हतं.

एका वयस्कर विक्रेत्याने माझ्यासमोर पाच डॉलरच्या दोन लाल चिप्स ठेवल्या आणि विचारलं, यातली कुठली खरी? मला दोन्ही सारख्याच दिसल्या. "नख फिरवा," तो म्हणाला. पहिलीवर नख मधल्या छापील गोलावरून कडेकडे सरळ सरकत गेलं, कुठे अडलं नाही. दुसरीवर गोल संपतो तिथे टक्क झालं. मग भिंगाखाली दाखवलं. पहिल्या चिपेवर साच्याची बारीक जाळी होती, सुती कापडाच्या विणीसारखी, आणि ती विण चिपेच्या रंगीत मातीवरून छापील गोलावर तशीच चढत गेली होती (अशा चिपा मातीच्या मिश्रणाच्या असतात, म्हणून त्यांना 'क्ले चिप' म्हणतात). कारण हा कागदी गोल, ज्याला इनले म्हणतात, तो मातीबरोबरच गरम साच्यात दाबलेला असतो. दुसरीत गोल गुळगुळीत, चकचकीत होता. चिप खरीच जुनी होती, पण साध्या चिपेचा गोल कोरून काढून दुर्मीळ कॅसिनोचा गोल वर चिकटवलेला. ती फसवी चिप तो शिकवण्यापुरतीच ठेवतो, विकत नाही.

मग चिप उभी धरून कडा दाखवली. चांगल्या क्ले चिपेच्या कडेवरचे रंगीत पट्टे वरून खालपर्यंत जातात, कारण तिथे खरोखरच दुसऱ्या रंगाची माती बसवलेली असते. नुसता रंग मारला असेल तर कोपऱ्यावर झिजलेला दिसतो, किंवा दोन बाजूंचे पट्टे एकमेकांसमोर येत नाहीत.

पॉलसन या कंपनीच्या चिपांच्या कडेला उंच टोपी आणि काठी यांची नक्षी असते. नव्या माणसाला वाटतं, टोपी-काठी दिसली म्हणजे कॅसिनोचीच. तसं नाही. याच नक्षीच्या चिप्स कंपनीने घरगुती खेळासाठीही विकल्या आहेत. साचा चिप कुणी बनवली ते सांगतो, कुठल्या टेबलावर गेली ते नाही. त्यासाठी त्या कॅसिनोच्या त्या काळच्या खात्रीच्या चिपांशी रंग, पट्टे आणि अक्षरं ताडून बघावी लागतात. जुन्या सोनेरी ठशाच्या चिपांबाबत तर दुप्पट सावध राहा. कोऱ्या जुन्या चिपेवर नंतर ठसा मारणं अवघड नाही, त्यामुळे महाग ठशाची चिप ओळखीच्या, नाव असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावी.

वजनाबद्दल माझा समज पुरता उलटा निघाला. टेबलावरची क्ले चिप साधारण नऊ-दहा ग्रॅमची, 39 मिलीमीटर व्यासाची. बरोबर खिशातला काटा आणि छोटं चुंबक ठेवा. मात्र काही कॅसिनोंच्या चिपांमध्ये मधोमध धातूचं नाणं असतं, त्यामुळे एकट्या वजनावर निकाल लावू नका.

भाव कशावर ठरतो, याचं उत्तर मला स्ट्रिपवर मिळालं. ट्रॉपिकाना हे कॅसिनो 1957 मध्ये उघडलं, 2 एप्रिल 2024 ला बंद झालं आणि त्याच वर्षी 9 ऑक्टोबरला पाडलं. मिराज हे दुसरं कॅसिनो 17 जुलै 2024 ला बंद झालं. कॅसिनो चालू आणि चिप वापरात असते तोवर पाच डॉलरच्या चिपेला पाच डॉलर मिळणारच, भाव त्याखाली जात नाही. बंद झाल्यावर नेवाडा या तिथल्या राज्याच्या नियमानुसार चिपा परत घेण्यासाठी ठरावीक मुदत द्यावी लागते, आणि परत आलेल्या चिपा नष्ट कराव्या लागतात. म्हणजे ज्या चिपा लोकांच्या खिशात, ड्रॉवरमध्ये राहिल्या, तेवढ्याच उरतात. जुनेपणापेक्षा हा हिशेब महत्त्वाचा. शंभर डॉलरची चिप लोक आठवणीने वटवतात आणि एक डॉलरची आठवण म्हणून घरी नेतात, म्हणून बऱ्याच कॅसिनोंच्या मोठ्या रकमेच्या चिपा दुर्मीळ आणि एक डॉलरच्या मुबलक. स्टारडस्टची एक डॉलरची चिप मला आठ डॉलरला मिळाली. हे कॅसिनो 2006 मध्ये बंद झालं आणि 2007 मध्ये पाडलं, नाव मोठं, पण चिपा भरपूर उरल्या आहेत.

आणि एखाद्या जुन्या नोकरदाराच्या घरी डबाभर चिपा निघाल्या की कालची दुर्मीळ चिप आज साधी होते. भावपुस्तकातला आकडा म्हणूनच जपून वाचावा. ऑनलाइन विक्रीत मागितलेली किंमत सोडा, प्रत्यक्ष विकली गेलेली बघा. 'मर्यादित आवृत्ती' असं छापलेल्या चिपांना तर मी हातच लावला नाही. 1990 च्या दशकात कॅसिनोंनी त्या खास संग्राहकांसाठीच काढल्या, लोकांनी जपून ठेवल्या, त्यामुळे त्यातल्या बहुतेक आजही सहज मिळतात.

तिसरा दिवस जुन्या गावात, फ्रीमाँट स्ट्रीटवर. स्ट्रिपवरून ड्यूस ही दुमजली बस तिकडे जाते. सुरुवात करणाऱ्याने इथूनच करावी: एका संध्याकाळी पायी पाच-सहा कॅसिनो होतात आणि प्रत्येकाची एक चिप दर्शनी किमतीत मिळते, म्हणजे फसवणुकीचा प्रश्नच नाही. एल कोर्टेझ 1941 पासून उभं आहे. तिथे मी ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या एका टेबलापाशी डाव संपायची वाट बघितली आणि पाच डॉलर टेबलावर ठेवले. डीलर, म्हणजे पत्ते वाटणारी, हातातून पैसे घेत नाही, नोट टेबलावरच ठेवायची. एक-एक डॉलरच्या हव्यात, जमवायला, असं सांगितलं. तिने आपल्या ट्रेमध्ये शोधून त्यातल्या त्यात कोऱ्या पाच काढून दिल्या. त्यातली एक मी तिलाच बक्षीस दिली. एक डॉलरच्या चिपा प्रत्येक टेबलावर नसतात. नसतील तर पोकर रूममध्ये विचारा.

वय एकवीस पूर्ण हवं, आणि आपल्याला ओळखपत्र म्हणून मूळ पासपोर्टच लागतो. टेबलाचे फोटो न विचारता काढू नका. एका कॅसिनोची चिप दुसऱ्यात वटेल असं धरून चालू नका, त्यामुळे हिशेबापेक्षा जास्त घेतल्या असतील तर निघण्याआधी तिथल्याच कॅशियरच्या खिडकीवर द्या.

कोरी चिप आणि वापरलेली चिप यांच्या भावात बरंच अंतर पडतं, म्हणून अवस्था नीट बघा. सगळ्यात आधी ती कापडासारखी विण पुसते, मग कडा गोल होतात. चिप तुकतुकीत दिसत असेल तर बोटावर घासून बघा. काही जण तेल लावून रंग खुलवतात. खाच मारलेली किंवा भोक पाडलेली चिप म्हणजे कॅसिनोने बाद केलेली. ती खोटी नव्हे, पण स्वस्त मिळायला हवी.

परतताना तेवीस चिपा हातातल्या पिशवीत ठेवल्या होत्या. त्यांची चळत एक्स-रेमध्ये घट्ट गोळ्यासारखी दिसते, त्यामुळे पिशवी उघडायला लावली. नाण्यांच्या कप्प्यांच्या पानांत एकेक सुटी भरली असती तर तो वेळ वाचला असता. पानं पीव्हीसीची नकोत, काही वर्षांनी ती चिकट होतात आणि चिपांवर डाग पाडतात. प्रत्येक कप्प्यात चिठ्ठी घाला: कुठे, कधी, कितीला, कुणाकडून. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटका, साबण नको.

त्या खोट्या सँड्सला डब्यात पहिला कप्पा दिला आहे. शेजारी साउथ पॉइंटच्या दालनात घेतलेली खरी सँड्स, एक डॉलरची, कडा बऱ्याच झिजलेल्या. भाच्याची मुलगी आली की दोन्ही तिच्या हातात देते आणि डोळे मिटून नख फिरवायला सांगते.