स्विफ्टची चाकं, भाग तिसरा: हब रिंग अखेर बसल्या

मागच्या भागात गाडी 90 ला गेली की स्टिअरिंग थरथरतंय, इथवर आलो होतो. आता थरथर गेली. पूर्ण नाही, पण ते शेवटी सांगतो.

नव्यांसाठी थोडक्यात. गाडी 2018 ची स्विफ्ट व्हीएक्सआय, मूळचे 14 इंची पत्र्याचे रिम, 165/80 टायर. त्याजागी मित्राचे वापरलेले 15 इंची अलॉय आणि 185/65 टायर, म्हणजे झेडएक्सआयला कंपनीच देते ती साइज. टायरच्या बाहेरच्या व्यासात जेमतेम 2 मिलिमीटरचा फरक, त्यामुळे स्पीडोमीटरची काळजी नव्हती. पीसीडी, म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, 4 बाय 100 (चार नट, 100 मिलिमीटर), तोही जुळला. रिम आठ होलचे, 100 आणि 108 दोन्हींना चालणारे. मेख इथंच आहे. दहा गाड्यांना चालावं म्हणून असल्या रिमचं मधलं भोक मोठंच ठेवतात. माझ्या रिमचं 73.1 मिलिमीटर, तर स्विफ्टचा हब, म्हणजे चाक ज्यावर चढतं तो मधला गोल भाग, 54.1 चा. चहूबाजूंनी साडेनऊ मिलिमीटर पोकळी, करंगळी जाईल एवढी.

बसवताना टायरवाला म्हणाला होता, "काही होत नाही ओ, नट आपोआप सेंटर करतंय." माणूस अगदीच खोटं बोलत नव्हता. निमुळता नट चाकाला मध्यावर ओढतो हे खरं. पण जॅकवरच्या गाडीला चाक नुसतं लटकलेलं असतं, त्यात पहिल्याच नटावर गन धरून खर्रकन आवळलं की चाक जिथं लोंबलं तिथंच पक्कं होतं. मग बाकीचे तीन नट बिचारे काय करणार?

बॅलन्सिंग दोनदा करून घेतलं, दोन्ही वेळा मशीनवर शून्य. मला वाटलं मशीनच बिघडलंय. डोक्यात प्रकाश पडायला आठवडा लागला: बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक शंकूच्या आकाराच्या कोनवर बसतं, आणि तो कोन धरतो ते मधलं भोकच. तिथं चाक बरोबर मध्यावर फिरतं. गाडीवर ते भोक कशालाच टेकत नाही. 90 च्या वेगाला हे चाक सेकंदाला जवळपास तेरा फेरे घेतं, त्यात अर्धा मिलिमीटर सरकलेलं असलं तरी हाताला कळणारच.

ही पोकळी भरायला हब आणि रिमच्या मध्ये बसते ती हब रिंग. आधी प्लॅस्टिकच्या रिंग मागवल्या. रिमच्या भोकात आतून रंगाचा थर होता, तो न खरवडता मी रबरी हातोडी चालवली आणि एक रिंग टचकन तडकली. चूक माझीच. तरी पुढच्या चाकाला डिस्कची उष्णता आणि वर आपला सोलापूरचा एप्रिल, म्हणून मलाही ॲल्युमिनियमच हवं होतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका मामांचं लेथ आहे. रोजचं काम पॉवरलूमच्या पार्टांचं, घरात तेलुगू, दुकानात मराठी. रिम आणि मापाचा कागद पुढं ठेवला तर कागद बाजूला सारून त्यांनी व्हर्नियर काढला. "माप लिहिलेलं नसतंय, घेतलेलं असतंय." बरोबरच निघालं. चारही रिमची भोकं एकसारखी नव्हती, एक चक्क 73.2 भरलं. प्रत्येक रिंग तिच्या तिच्या रिमपुरती कातली आणि आतल्या बाजूला पंचने खूण मारली.

एक गोष्ट मी हट्टाने करून घेतली. रिंग रिममध्ये घट्ट, हबवर सरकती. उलटं झालं तर रिंग हबलाच चिकटून बसते, आणि रात्री मोहोळजवळ पंक्चर झालं तर स्टेपनी बसणारच नाही, कारण पत्र्याच्या रिमचं भोक थेट हबच्या मापाचं आहे.

पहिली रिंग बसवून चाक लावलं, हाताला छान वाटलं. तरी मनात पाल चुकचुकली. आईच्या देवघरातलं चिमूटभर कुंकू तेलात कालवून हबच्या सपाट तोंडावर पातळ फासलं, चाक आवळलं, काढलं. (आईने विचारलं, चाकाची पूजा आत्ताच काय काढलीस? दसरा लांब आहे.) रिमवर कुंकवाचा गोल उठायला हवा होता. उठली एका बाजूला कोर, बाकी कोरडं. हबच्या मुळाशी जिथं गोल कडा आणि सपाट तोंड मिळतं तिथं बारीक गोलाई असते. रिंगची चौकोनी धार त्या गोलाईवर चढून बसली होती आणि रिम अर्धा मिलिमीटर अधांतरी होता. असंच पळवलं असतं तर नट आवळले गेले रिंगवर, आणि रिंग दबली की ढिले. मामांनी चारही रिंगच्या आतल्या कडेला एक मिलिमीटरची तिरपी मारली. दुसऱ्यांदा कुंकू पूर्ण गोल उठलं.

मामांचा डायल (चाक किती डगमगतं ते काट्यावर दाखवणारं गेज) उसना आणून पुढच्या डाव्या रिमच्या कडेला लावला. रिंगशिवाय काटा 0.9 मिलिमीटर फिरत होता, रिंग घातल्यावर 0.2.

नट नवे घेतले, बारीक बॉडीचे, कारण अलॉयच्या भोकात जुन्या नटाचा पाना जात नव्हता. आटा 12 बाय 1.25 (12 मिलिमीटर जाडी, दर फेऱ्याला 1.25 पुढे), टोक 60 अंशांचं. हाताने फिरवून फेरे मोजा. स्टड म्हणजे नट ज्यावर चढतो तो हबचा खिळा; 12 च्या स्टडवर 12 मिलिमीटर तरी पकड हवी, म्हणजे साधारण दहा फेरे. माझे अकरा भरले. फुलीच्या क्रमाने आधी हलके आवळले, मग चाक जमिनीला टेकवून टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्यावर. हबच्या कडेला कॉपर ग्रीसचं बोट, स्टडला अजिबात नाही. जुने नट स्टेपनीसोबत डिकीत.

रविवारी तुळजापूरला जाऊन आलो. येऊनजाऊन नव्वदेक किलोमीटर, दर्शनही झालं आणि नट पुन्हा तपासायची वेळही झाली. एक नट किंचित फिरला, बाकी जागच्या जागी. नंतर पुणे हायवेवर 90 ला स्टिअरिंग दोन बोटांत धरलं, शांत.

100 च्या पुढे मात्र सीटखाली हलकी गुरगुर आहे. स्टिअरिंगला नाही, म्हणजे मागचं चाक. डायल फिरवला तर मागच्या डाव्या रिमची आतली कड 1.2 बाहेर. मित्राला फोन केला, तर म्हणतो, "अरे हो, ते विजापूर रोडच्या खड्ड्यात एकदा..." व्यवहार झाल्यावर आठवलं त्याला. रिम सरळ करणाऱ्याकडे शनिवारी टाकतोय.